मस्टरवरचा ताप

आमच्या घरात सनावळ्या कुणालाच पाठ नव्हत्या, साथी मात्र सगळ्यांना पाठ होत्या. मोठी आई, म्हणजे माझी पणजी, तिचं लग्न कधी झालं असं विचारलं की सांगायची, "मानमोडीच्या आधीच्या वैशाखात." आजोबांना कायम केलं ते 'एशियन फ्लूच्या वर्षी, पानशेतच्या पुराआधी'. आणि आत्याच्या नोकरीची शेवटची वर्षं 'स्वाईन फ्लूची' म्हणूनच घरात ओळखली जातात. तिघांनी तीन साथी पाहिल्या. मोठी आईकडे तिच्या आईनं सांगितलेली प्लेगाची एक वेगळी पुंजी होती, ती निराळीच.

घर मास्तर-कारकुनांचं. त्यामुळे या गोष्टींत औषधोपचार जवळजवळ नसत. काढे असायचे, पण ते तोंडी लावण्यापुरते. गोष्टीचा गाभा असायचा हजेरीचा. कोण कामावर गेलं, कोण घरी राहिलं, घरी राहणाऱ्याचा पगार कापला की वाचला, आणि कुणी साहेबाच्या भीतीनं अंगात ताप घेऊन सही करायला गेलं का. इतिहासाच्या पुस्तकांत साथीत गेलेली माणसं मोजतात. आमच्याकडे त्या माणसांचे खाडे मोजत. लहानपणी हे मला फार कोतं वाटे. आता वाटतं, साथ पसरते कशी हे कळायला खाड्यांचा हिशेबच जास्त उपयोगाचा आहे.

मोठी आईनं प्लेग डोळ्यांनी पाहिला नव्हता. तिच्या आईकडून आलेली गोष्ट एवढीच, की घरात उंदीर पडला की गाव हलायचं. कणगीतलं धान्य, जातं, पोरंबाळं, गुरं असं सगळं मळ्यात न्यायचं, कुडाच्या झोपड्या घालायच्या आणि गाव महिना-दोन महिने ओस टाकायचं. "शेतकऱ्याला कुणाची रजा लागत नाही," ती म्हणायची, "चाकरीवाल्याला लागते." या एका वाक्यात मुंबईचा १८९६-९७ चा सगळा गोंधळ येतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि शहर रिकामं होऊ लागलं. गिरण्यांमधले कामगार कोकणात, देशावर, आपापल्या गावी पळाले. तोवर गिरणीत पगार महिन्यानं मिळे, आणि तोही मागचा काही अडकवून ठेवलेला असे. तेवढ्यासाठी माणूस बांधलेला राही. प्लेगानं हा दोर तोडला. जे मागे राहिले त्यांना मालकांनी नाक्यानाक्यावर गाठून रोजच्या रोज रोख मजुरी देऊ केली, एकमेकांवर चढे भाव लावले. कामगाराला रजा नव्हती. त्यानं ती पायांनी घेतली.

पुण्यात प्लेगाचं आणि विद्यापीठाचं नातं तर दगडात कोरलेलं आहे. गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत तेव्हा मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होती. २२ जून १८९७ च्या रात्री तिथं राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. ती आटोपून परतताना प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. घरात घुसून रोगी शोधणाऱ्या, माणसांना छावणीत नेणाऱ्या त्या मोहिमेचा राग त्या गोळीत होता. त्याच्या तीनच महिने आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगानं गेल्या होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आणलं, आणि तीच लागण त्यांना झाली. १९४९ मध्ये त्या गव्हर्नराच्या बंगल्यात पुणे विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. साथीतल्या जुलमाची आठवण एका बाजूला आणि साथीतल्या सेवेची दुसऱ्या बाजूला, अशी या विद्यापीठाची बैठक आहे. साथीत माणसांशी कसं वागावं याचा धडा द्यायला याहून योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल.

मोठी आईची स्वतःची साथ १९१८ ची. तिच्या बोलण्यात ती कधी 'मानमोडी', कधी नुसता 'मोठा ताप'. मान मोडून पडायची, अंग ठणकायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून यायची. मुंबईत हा ताप जूनमध्ये आला. १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर नेमलेला होता. पुढच्या दहा दिवसांत पोर्ट ट्रस्ट, तारखातं, टांकसाळ, बँका, गिरण्या अशा एकेका ठिकाणची माणसं आडवी झाली. ही यादी नीट पाहावी. तापाची पहिली वाट कचेऱ्यांतून गेली, हजेरीपट जिथं होते तिथून. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी लाट मात्र काळ होऊन आली. एकट्या ६ ऑक्टोबरच्या दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली. त्यातच त्या साली पाऊस नव्हता, धान्य महाग होतं. देशभरात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि पुढे जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं एवढं एकदाच झालं.

पणजोबा तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. दोन मास्तरांची शाळा. पोरं येईनाशी झाली होती, पण हजेरीपट तालुक्याला जायचा आणि त्यावर मास्तरांची सही असल्याशिवाय पगार निघायचा नाही. म्हणून दोघे रिकाम्या शाळेत जाऊन बसत. दुसऱ्या मास्तरांना ताप भरला. दोन दिवस ते घरी पडले आणि तिसऱ्या दिवशी कानाला पंचा गुंडाळून शाळेत आले. महागाई, घरात चार तोंडं, पगार कापला जाईल ही धास्ती. दोघे एकाच बैठकीवर बसले, एकाच दौतीत टाक बुडवून त्यांनी पट भरला. त्या आठवड्यात पणजोबा पडले. ते उठले, तो मास्तर त्या सालची दिवाळी पाहायला राहिला नाही. तो पंचविशीतला होता. त्या साथीनं म्हाताऱ्यांपेक्षा अशी कर्ती माणसंच जास्त नेली.

मोठी आई ही गोष्ट सांगताना त्या मास्तराला कधी बोल लावत नसे. "ताप त्याला देवानं दिला," ती म्हणायची, "पण शाळेत आणायला लावला तो पगारानं." त्या शाळेच्या दोन मास्तरांपैकी एकालाही आजाराची पगारी रजा नव्हती. बिनपगारी मिळे, पण ती घेणं म्हणजे महिन्याअखेर वाण्याकडे तोंड लपवत फिरणं.

आजोबांच्या काळात चित्र पालटलं होतं. ते पुण्यातल्या एका कॉलेजच्या कचेरीत होते, आणि त्यांच्याकडे रजेच्या नियमांचं एक बाड होतं. खाकी कागदाचं वेष्टण, कडा उंदरानं कुरतडलेल्या, समासात त्यांच्या बारीक अक्षरात टिपणं. कॉलेज खाजगी असलं तरी नियम सरकारी वळणाचे. किरकोळ रजा, अर्जित रजा, अर्धपगारी रजा, परिवर्तित रजा. अर्धपगारीचे दोन दिवस मोडले की पूर्ण पगाराचा एक दिवस पदरात पडे, पण त्याला डॉक्टरचा दाखला हवा. हे सगळं आजही थोड्याफार फरकानं तसंच आहे. राज्य सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांतही अर्धपगारी रजा वर्षाला वीस दिवसच.

त्या बाडात आणखी एक रजा होती, जिच्यावर आजोबांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. ती क्वारंटाईन लीव्ह. कर्मचारी स्वतः ठणठणीत आहे, पण त्याच्या घरात संसर्गाचा रोग शिरलाय, अशा वेळी आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर त्याला कचेरीत येऊ नको असं सांगायचं. मुदत एकवीस दिवस, फार तर तीस. आणि या रजेची खरी गंमत पुढे होती. ती रजा म्हणून खात्यातून वजाच होत नसे. माणूस गैरहजर धरला जात नसे, पगार अखंड चालू राही. इंग्रजांच्या अमलात रुजलेल्या आणि नंतरही चालू राहिलेल्या त्या नियमानं एक फार शहाणपणाची गोष्ट मान्य केली होती. साथीत घरी बसणं हेही कामच आहे. ते तुम्ही स्वतःसाठी करत नाही, कचेरीसाठी करता.

वाड्यात देवीचा रुग्ण निघाल्यावर आजोबांच्या एका सहकाऱ्याला ही रजा मिळाली होती. तो तीन आठवडे ओट्यावर बसून पत्ते खेळला आणि महिन्याचा पगार पुरा घेऊन गेला. कचेरीत काहींनी नाकं मुरडली. आजोबा म्हणायचे, "अरे, तो पत्ते खेळला म्हणून आपण देवीचे व्रण न घेता बसलोय."

पण त्या नियमाला दोन भोकं होती. ती रजा ज्या रोगांना लागू त्यांची यादी दिलेली होती, त्यात पटकी, देवी, प्लेग होते, फ्लू नव्हता. ज्या तापानं चाळीस वर्षांपूर्वी देशाची लोकसंख्या खाली आणली, तो यादीत नाही, कारण एरवी तो येतो-जातो, सर्दी-पडशातच मोडतो. आणि दुसरं, कर्मचारी स्वतः आजारी पडला की ही रजा संपली. मग त्यानं आपल्या खात्यातली नेहमीची रजा मोडायची, ती शिल्लक नसेल तर बिनपगारी.

१९५७ च्या मे महिन्यात मद्रास बंदरात नवा फ्लू उतरला आणि उन्हाळा सरता सरता सगळ्या देशात पोचला. सरकारी दप्तरी ४४ लाखांवर रुग्णांची नोंद झाली. मृत्यू १९१८ च्या मानानं नगण्य, हजाराच्या थोडे वर. पण कॉलेजांची ती प्रवेशाची वेळ. आजोबांच्या कचेरीत खिडकीबाहेर फी भरणाऱ्यांची रांग आणि आत निम्मी टेबलं रिकामी. जे हजर होते त्यातले काही हजर नसते तर बरं, अशा अवस्थेत. फीच्या पावत्या फाडताना एक जण पावतीवरच शिंकला, आणि समोरच्या पालकानं ती पावती चिमटीत धरून वाळवली, ही आजोबांची आवडती गोष्ट.

त्यांचे हेडक्लार्क साताऱ्याकडचे, शिस्तीचे, लेटमार्कात सवलत न देणारे. त्यांनी एका सकाळी मस्टर उचलून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि जाहीर केलं की ज्याला कणकण असेल त्यानं आत यायचं नाही, दारातूनच नाव सांगून परत फिरायचं. सहीचं काय ते मी बघेन. दाखला मागितला नाही. कचेरी दोन आठवडे अपुऱ्या माणसांवर चालली, प्रवेश लांबले, पण सगळी कचेरी एकदम कोलमडली नाही. पुढच्या वर्षी हिशेब तपासनीस आले तेव्हा त्या दिवसांवर आक्षेप निघाला. अर्ज नाही, दाखला नाही, पगार कसा दिला? हेडक्लार्कांनी सगळ्यांच्या किरकोळ रजेतून ते दिवस वळते केले आणि प्रकरण मिटवलं. म्हणजे कचेरी वाचवायला जे घरी बसले, त्यांनीच आपल्या खिशातून त्याची किंमत दिली. "ऑडिटला ताप दिसत नाही," आजोबा म्हणायचे, "त्याला फक्त खाडा दिसतो." हे ते हसत सांगत. पण ते बाड त्यांनी मरेपर्यंत टाकलं नाही.

ते बाड पुढे आत्याकडे गेलं, कारण तीही कॉलेजातच लागली आणि अखेर आस्थापना विभागात पोचली. म्हणजे रजा, पगारवाढी, सर्व्हिस बुकं, सगळं तिच्या कपाटात. २००९ च्या पावसाळ्यात ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एच१एन१ ची महासाथ जाहीर केली होती. ३ ऑगस्टला भारतातला पहिला बळी गेला तो पुण्यात, एक शाळकरी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून शहराचा चेहराच झाकला गेला. पुण्याच्या मुली दुचाकीवर तशाही तोंडाला ओढणी बांधून फिरत. आता पुरुषांनीही रुमाल बांधले. एन-९५ मास्क दुकानातून गायब झाले. रुमालाच्या टोकाला कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधायची लाट आली, आणि वाण्याकडे कापूर मिळेना. डॉ. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा रस्त्यावर आल्या. घशातले नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. ही संस्था १९५२ मध्ये पुण्यातच सुरू झालेली, त्यामुळे देशाचं लक्ष आणि देशाचे नमुने दोन्ही पुण्याकडे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा-कॉलेजं आठवडाभर बंद झाली, सिनेमागृहं आणि मॉल तीन दिवस.

"कॉलेज बंद म्हणजे मुलांना बंद," आत्या सांगते. "आम्हाला कोण सुट्टी देतंय? ऑफिस चालूच." आत्याच्या टेबलावर रजेच्या अर्जांचा गठ्ठा चढू लागला. त्यातले दाखले तिनं मला नंतर वर्णन करून सांगितले. काहींवर 'विषाणूजन्य ताप', काहींवर 'तीव्र श्वसनसंसर्ग', एकावर नुसतं 'ताप व अशक्तपणा', आणि सगळ्यांवर विश्रांतीचे दिवस अगदी मोजून, ज्याच्या खात्यात जेवढी रजा शिल्लक तेवढेच. डॉक्टर रोग पाहून दिवस लिहीत नव्हते. रोगी आपली शिल्लक सांगे आणि डॉक्टर लिहून देत. नोकरीत नव्या आलेल्यांचं खातं रिकामं. ते तिसऱ्या दिवशी हजर, डोळे लाल, खिशात पॅरासिटामॉल.

त्यावर कळस फिटनेसचा. आजारी रजेवरून परत रुजू होताना डॉक्टरचं 'कामास योग्य' असं प्रमाणपत्र हवं, हा नियम. त्यामुळे बरी झालेली माणसं तो एक कागद आणायला ऐन साथीत दवाखान्याच्या गर्दीत जाऊन तासन् तास बसत. खोकणाऱ्यांच्या मधोमध. एका प्राध्यापकांनी आत्याला विचारलं, "बाई, मी बरा झालोय हे सिद्ध करायला पुन्हा आजारी पडू का?" आत्या बाड काढून बसली. फ्लूचं नाव यादीत नव्हतंच, पण क्वारंटाईन रजेमागचा विचार तिनं एका पानात उतरवला आणि प्राचार्यांपुढे ठेवला. ताप असलेल्यानं साधं स्वतःच्या सहीचं निवेदन द्यावं, दाखला मागू नये. ताप उतरून एक दिवस गेल्यावर रुजू व्हावं, फिटनेस मागू नये. घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर घरूनच काम करावं. प्राचार्य भले गृहस्थ. साथ ओसरेपर्यंत हे चालवू, असं म्हणून त्यांनी सही केली.

योगायोग असा, की त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तिथल्या कॉलेज-विद्यापीठांसाठी सूचना काढल्या, आणि त्यांतही हेच होतं. औषध न घेता ताप उतरून २४ तास होईपर्यंत विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी घरी राहावं. आजाराचा किंवा बरं झाल्याचा डॉक्टरचा दाखला मागू नये, कारण दवाखान्यांना आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. आजारी माणसाला घरी राहता येईल अशी रजेची धोरणं ठेवावीत. आत्यानं ते वाचलेलं नव्हतं. तिनं आजोबांचं बाड वाचलेलं होतं.

आत्याचं पान लागू झालं, आणि चौथ्याच दिवशी त्याची हद्द तिला कळली. सकाळी ऑफिस उघडताना झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या. तोंडाला पदर, पदराच्या गाठीला कापूर. पुसताना मध्येच थांबून भिंतीला टेकत होत्या. आत्यानं मनगटाला हात लावला, चटका बसला.

"मावशी, घरी जा. आत्ताच्या आत्ता."

"गेले तर खाडा पडंल, बाई."

"मी सही करते ना."

"तुमच्या मस्टरवर माझं नाव कुठंय? आमचं मस्टर ठेकेदाराकडं."

खरंच होतं. सफाई ठेकेदाराकडे गेल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मावशी रोजावर. आल्या तर दिवस, नाही तर नाही. आत्याच्या पानावर 'सर्व कर्मचारी' असं लिहिलं होतं, आणि त्या 'सर्व'मध्ये रोज सकाळी प्रत्येक टेबलावर, प्रत्येक दाराच्या कडीवर फडकं फिरवणारी बाई नव्हती. कागदावर कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यासाठी ठेकेदारानं नाव नोंदवून वर्गणी भरलेली हवी. आणि भरलेली असली तरी आजाराचे पहिले दोन दिवस बहुधा भत्त्यात धरत नाहीत. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांचा. नेमके जे दोन दिवस माणूस सगळ्यांत जास्त संसर्ग पसरवतो, तेच दोन दिवस त्याच्या खिशाला भारी.

ऑफिसनं वर्गणी काढली, मावशींना आठवडाभराचे पैसे दिले आणि घरी पाठवलं. सगळ्यांना बरं वाटलं. आत्याला वाटलं नाही. ती मला म्हणाली, "अगं, वर्गणी म्हणजे उपकार. उपकार आज होतो, उद्या होत नाही. आणि त्या बाईनं काय, दर साथीला आमच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

आत्याचा हिशेब किती मोठ्या प्रमाणावर खरा होता, हे पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका पाहणीतून दिसलं. त्या अंदाजानुसार २००९ च्या महासाथीत तिथले सुमारे ८० लाख कर्मचारी आजारी असूनही रजा न घेता कामावर गेले, आणि त्यांनी बरोबरच्या ७० लाखांपर्यंत लोकांना लागण दिली असावी. सरकारी नोकरांनी बऱ्यापैकी रजा घेतल्या. खाजगी नोकरांतले पुष्कळ जण पगारी आजारी रजेअभावी कामावर येत राहिले. देश कुठलाही असो, पगाराबद्दलचं मोठी आईचं वाक्य तेच राहतं.

२०२० साली कोविड आला तेव्हा १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा बाहेर निघाला. या वेळी रजेचा विचारही झाला, पण उशिरा. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठीचं सविस्तर परिपत्रक काढलं ते ७ जून २०२१ ला, दुसरी लाट ओसरत असताना. स्वतःला लागण झाली तर वीस दिवसांपर्यंत रजा, आई-वडील किंवा अवलंबून असलेलं माणूस पॉझिटिव्ह आलं तर पंधरा दिवसांची विशेष किरकोळ रजा. म्हणजे आजोबांच्या बाडातली ती लाल रेघेची रजा नव्या नावानं परत आली. चांगलं झालं. पण ती कोविडपुरती, आणि ज्यांचं नाव मस्टरवर त्यांच्यापुरती.

फ्लू काही शंभर वर्षांतून एकदा येत नाही. आपल्याकडे तो दर वर्षी येतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये. कॉलेजच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा: पहिला बहर प्रवेशांच्या ऐन गर्दीत, दुसरा परीक्षांच्या तोंडावर. म्हणजे ज्या दोन वेळी कुणालाही रजा द्यायची कॉलेजची तयारी नसते, त्याच दोन वेळी ती देणं सगळ्यांत गरजेचं असतं. त्या गर्दीच्या वेळी हेडक्लार्कच्या मोठेपणावर किंवा प्राचार्यांच्या भलेपणावर विसंबून चालत नाही, कारण पुढचा हेडक्लार्क कसा निघेल याची हमी नाही, आणि ऑडिट तर दर वर्षी येतंच. एकाच्या भलेपणानं दिलेली सवलत पुढच्या वर्षी वसूल होते, हे १९५७ नं दाखवलं. 'सर्व कर्मचारी' या दोन शब्दांत कोण कोण मावतं हे आधी ठरवलं नाही तर काय होतं, ते २००९ नं.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात आता २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालय विकास समिती आहे. त्या समितीत शिक्षक आहेत, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, विद्यार्थी आहेत. तुम्ही तिच्यावर असाल, किंवा तिच्यावर असलेल्या कुणाला ओळखत असाल, तर पुढच्या बैठकीत एवढे चार मुद्दे मांडा. तापाच्या साथीत तीन-चार दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला नको, स्वतःची सही पुरे. रुजू होताना फिटनेस नको. घरात रुग्ण असेल तर ती रजा खात्यातून वजा होऊ नये. आणि ठेकेदाराच्या माणसांचे आजारपणाचे दिवस पगारी असतील, ही अट ठेक्याच्या करारातच लिहिलेली असावी, नुसती नोटीस बोर्डावर नव्हे. पहिल्या तीन मुद्द्यांना कुणी फारसा विरोध करणार नाही. चौथ्याला करतील, खर्चाचं कारण सांगतील. तिथे हटू नका. तो चौथा मुद्दा गळला तर उरलेल्या तिन्हींना फारसा अर्थ राहत नाही.